बिनसेलाचं घड्याळ

संक्रांतीला गावी गेले, तेव्हा तिळगूळ हातावर ठेवायच्या आधीच आईनं सांगून टाकलं, "मला घड्याळ पायजे. हातातलं. पर सेल नसलेलं."

मी बेळगावात एका शाळेत पी.टी. शिकवते. गळ्यात शिट्टी आणि मुठीत स्टॉपवॉच, असाच माझा दिवस जातो. त्यामुळं घड्याळ हा माझा प्रांत, अशी माझी समजूत. पण साठी ओलांडलेल्या आपल्या आईला घड्याळ हवं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्या खानापूर भागात तिच्या वयाच्या बायकांच्या मनगटावर बांगड्या असतात, घड्याळ नसतं. मला इतका आनंद झाला की तिळगूळ तोंडात टाकायचा राहून तो मुठीतच चिकट झाला. आईनं आजवर माझ्याकडं काही मागितलेलं नव्हतं. साडी आणली तर "कशाला आणलीस" म्हणायची आणि ट्रंकेत टाकायची. अशा बाईनं मागून घ्यायचं आणि तेही घड्याळ, म्हणजे नक्की काहीतरी शिजत होतं.

शिजत होतं ते ओढ्याच्या पाण्यावर. आमच्या शेताजवळ एक ओढा आहे. त्यावर मातीचा बांध घालून पाट काढलाय आणि त्या पाटावर चार घरांची शेती. पाडव्यापर्यंत पाणी मुबलक असतं, कोण किती घेतो हे कुणी बघत नाही. पाडव्यानंतर ओढा बारीक होतो आणि मग पाळी लागते. इतके तास याचं पाणी, इतके तास त्याचं. आजोबांच्या वेळी ही पाळी रेल्वेच्या शिट्टीवर बदलायची. लोंढा जंक्शनकडं जाणारी गाडी वाजली की एकाच्या शेताकडचं पाटाचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं. पुढं रूळ वाढले, गाड्या वाढल्या, कुठली शिट्टी आपली हेच कळेना. मग चार घरांनी मिळून भिंतीवरचं एक घड्याळ आणलं आणि बांधाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलं.

मोबाईल नव्हते का, असं कुणीही विचारेल. होते की. चार घरांत पाच-सहा मोबाईल, आणि पाटाला पाणी असताना ते बहुतेक खानापूरच्या बाजारात. आईचा होता तो पाटात पडला. वाळवून चालू केला तर पुन्हा पडला. चिखलानं भरलेल्या हातानं मोबाईल धरायचा म्हणजे मासा धरण्यातला प्रकार. तेव्हा शेडमधलं ते एकच घड्याळ खरं मानायचं, असं ठरलं होतं.

आता त्या घड्याळाचा सेल कुणी बदलायचा? चौघांनी. म्हणजे कुणीच नाही. बारभाईची शेती, काय लागेल हाती. गेल्या उन्हाळ्यात सेल मरायला टेकला आणि घड्याळ अधूनमधून थांबायला लागलं. टपली मारली की पुन्हा चालायचं. गंमत अशी की या चौघांतल्या माझ्या काकाच्या पाळीत ते हमखास दम खायला थांबायचं आणि काकाला ते दिसायचं नाही. आमच्या पाळीत थांबलं की मात्र आई स्वतः जाऊन त्याला टपली मारून यायची. आपल्याच पाण्याची वेळ आपणच पळवायची, याला काय म्हणावं? मी तिला तसं म्हटलंही होतं. ती म्हणाली, बंद पडलेलं दिसत असताना न बघितल्यासारखं करायला तिला जमत नाही. शेवटी आमच्या खालच्या तुकड्यातली मिरची वाळून गेली. काका वाईट माणूस नव्हे. हसतमुख, मदतीला धावणारा. पण पाण्याच्या बाबतीत त्याची नजर जरा कमजोर.

तर या पाडव्याला पाळी आपल्या मनगटावरच्या घड्याळावर चालवायची, असं आईनं मनाशी ठरवलं होतं. म्हणून तिला सेल नको होता. सेल आला की तो मरणार, मेला की खानापूरला जावं लागणार, आणि तोवर काकाचं फावणार. तिच्या अटी तिनं चुलीसमोर बसून मला ऐकवल्या. चिखलात बुडलं तरी चाललं पाहिजे. कुदळीचा हिसका बसला तरी थांबता कामा नये. लांबून काटे दिसले पाहिजेत. आणि किंमत दोन पोती भाताच्या आत. पैसे मी देणार म्हटलं तर तिनं उडवून लावलं. घड्याळ तिचं, भातही तिचं.

बाजेवर पडलेले आप्पा, माझे वडील, हे ऐकत होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते शेतात जात नाहीत, पण घरातली एकही गोष्ट त्यांच्या कानातून सुटत नाही. ते म्हणाले, "माझं हाय की लग्नातलं. तेच्यात न्हाय सेल."

आईचा चेहरा बघून मला सगळं आठवलं. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची पद्धत. आईच्या वडिलांनी आप्पांना दिलं होतं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. माझ्या लहानपणी रोज सकाळी आई त्याला चावी द्यायची, पदरानं काच पुसायची आणि आप्पांच्या हातात ठेवायची. ते मनगटावर बांधून आप्पा बाहेर पडायचे. दुपारी शेतात भाकरी सोडताना आई विचारायची, "किती वाजले वो?" आप्पा ऐटीत मनगट वळवून सांगायचे. चावी तिची, वेळ त्यांची. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आता एकदम तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच क्षणी मी ठरवलं की बेळगावातलं सगळ्यात दणकट घड्याळ शोधायचं.

पुढचे आठ-दहा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. मोबाईलवर घड्याळांचे व्हिडिओ बघायची. घड्याळ पाण्यात टाकणारे, गच्चीवरून खाली फेकणारे, मोटारीच्या चाकाखाली घालणारे लोक जगात आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं आणि फार बरं वाटलं. स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्या मनगटाला हात घालायची. आमच्या विज्ञानाच्या सरांचं घड्याळ हाताच्या हालचालीवर चालायचं. आत एक वजन फिरतं आणि आपोआप चावी बसते. मी हरखून गेले. दिवसभर हात हलवणाऱ्या आईसाठी याहून बरं काय असणार! लगेच फोन लावला. आईचा फोन दोनदा बुडून मेलेला, म्हणून आप्पांच्या बटणाच्या फोनवर.

तिनं शांतपणे विचारलं, "मी तापानं दोन दिस पडले, तर ते बी पडणार काय?"

पडणार होतं. शिवाय असल्या घड्याळाला कुदळीचे हिसके सोसत नाहीत, असं सरही म्हणाले. चावीचं बघू का, असं मी विचारलं. मग ती म्हणाली, "चावी लई दिली गं. आता न्हाय."

राहिलं उन्हावर चालणारं. तबकडीवर उजेड पडला की आतल्या आत वीज साठते, सेल बदलायची भानगड नाही. हे समजावून सांगितल्यावर आई खूश झाली. "उनावर चालतंय? मग आपल्यातलंच हाय की," म्हणाली. आणि घड्याळ बघायला मी स्वतः येणार, हेही सांगून मोकळी झाली. बायकांना बस फुकट झाल्यापासून तिला बेळगाव लांब वाटत नाही.

गणपत गल्लीतल्या एका दुकानात आम्ही शिरलो. आई इरकल नेसून आली होती, लग्नाला निघाल्यासारखी. दुकानदारानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि न विचारताच ट्रे पुढं केला. त्यात बारीक सोनेरी पट्ट्यांची, हरभऱ्याएवढ्या तबकडीची घड्याळं. मी म्हटलं, हे नको, उन्हावर चालणारं दणकट दाखवा. तो म्हणाला, ती जेंट्समध्ये येतात, लेडीजना हीच शोभतात. माझा हात शिट्टीकडं गेला. रविवार असल्यामुळं गळ्यात नव्हती, म्हणून तो माणूस वाचला. मी काही बोलायच्या आत आईनं आपला हात काउंटरवर ठेवला. रुंद मनगट, चिखलानं कायमच्या काळ्या झालेल्या भेगा, हिरव्या बांगड्या.

"ह्या हाताला दावा," ती म्हणाली.

मग खालच्या कप्प्यातून डबे निघाले. तिसऱ्याच डब्यात ते होतं. काळं, जाड, रबरासारखा पट्टा, पांढरे ठळक काटे आणि खाली आकड्यांची एक बारकी खिडकी. किंमत दोन पोत्यांच्या थोडी अलीकडंच थांबत होती. मी तर मनात पसंत करून टाकलं, पण आईच्या तोंडावर काही दिसेना. तिनं ते हातात घेतलं, जोखलं, कानाला लावलं. मग पाण्यात बुडवू का म्हणून विचारलं. दुकानदारानं मान डोलावल्यावर त्याच्याच तांब्यात बुडवलं. बाहेर काढून पदरानं पुसलं, मनगटाला बांधलं आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या काचेवर फटाफट आपटल्या. दुकानदार जागेवरून उठला. एक बांगडी वाढली. काउंटरवर हिरवी काच पसरली. घड्याळावर ओरखडा नव्हता.

"हेच द्या," आई म्हणाली.

दुकानदारानं मग स्वतःहून माहिती दिली. एकदा पोटभर ऊन खाल्लं की हे घड्याळ अंधारातसुद्धा कित्येक महिने तग धरतं. त्याचं हे एक वाक्य आईनं नको इतकं नीट लक्षात ठेवलं. दुकानातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती मनगट बघत होती, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी मूर्खासारखी हसत होते. खव्याचा कुंदा घेतला, दोघींनी बसस्टँडवरच उभ्यानं खाल्ला. मला वाटलं, झालं. आता पाडव्याची वाट बघायची.

दर रविवारी मी फोन करायची. घड्याळ कसं आहे? झकास आहे, ती सांगायची. काही त्रास? काही नाही, जपतेय. मला वाटायचं काय गुणाची आहे माझी आई.

पाडव्याला पहाटेच्या बसनं गावी पोचले. गुढी उभी राहिली, नैवेद्य झाला. बांधावर नारळ फोडून पाळी सुरू करायची म्हणून आई आत गेली आणि मला ट्रंकेची कडी वाजलेली ऐकू आली. मी धावत गेले. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या इरकलीच्या घडीत, आप्पांच्या त्या लग्नातल्या घड्याळाशेजारी, नवं घड्याळ कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. वर हळदीकुंकू. घरी आणल्या दिवशी तिनं त्याची पूजा केली होती आणि पाडव्याच्या मुहूर्तापर्यंत नवंकोरं राहावं म्हणून आत ठेवून दिलं होतं. आमच्याकडं चांगल्या वस्तूचं असंच होतं. साडी, चादर, स्टीलचा डबा, सगळं आधी ट्रंकेत जातं. उन्हावर चालणारं घड्याळही गेलं.

कापड उलगडलं. दोन्ही काटे बारावर एकावर एक. खालची खिडकी कोरी. सेकंद काटा मेल्यासारखा गप्प.

"आई, त्याला ऊन लागतं," मी कशीबशी म्हणाले.

"घातलंच न्हाय, तर खर्च कशाला हुईल?" ती म्हणाली. पण तिचा आवाज खाली गेला होता. आप्पांनी बाजेवरून मान वर केली आणि परत खाली ठेवली. बाहेरून काकाची हाक आली, चला म्हणून. आईनं कोऱ्या तबकडीकडं बघितलं आणि तरीही ते मनगटाला बांधलं. बांगड्या मागं सारल्या, घड्याळ पुढं घेतलं, पदर त्यावर ओढला आणि चालायला लागली. मी मागून जात होते. चार घरांसमोर तिचं हसं होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

शेडमध्ये सगळे जमले होते. काका त्या दिवशी भलताच तयारीनं आला होता. भिंतीवरच्या घड्याळात त्यानं खरोखरच नवा सेल घातला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा काच पुसली होती. चौथ्या घरचे म्हातारे आजोबा, ज्यांचा शब्द सगळे मानतात, दगडावर बसले होते. आईनं सरळ सांगून टाकलं की यंदा पाळी तिच्या घड्याळावर व्हावी, त्यात सेलच नाही, त्यामुळं कधी थांबायचा प्रश्न नाही. आजोबा म्हणाले, बघू तरी. आईनं पदर बाजूला केला.

काका वाकला आणि हसू दाबत म्हणाला, "वैनी, ह्यात तर बारा वाजल्यात की."

शेडमध्ये हशा पिकला. बायकाही हसल्या. मला काकाच्या डोक्यात नारळ घालावासा वाटला. आई मात्र ना रडली, ना भांडली. आत अंधार आहे, नीट दिसत नाही, एवढंच म्हणाली. शेडमधून बाहेर आली आणि बांधावर, भर उन्हात, हात लांब करून उभी राहिली. तिला काय वाटत होतं कुणास ठाऊक. मला तर वाटत होतं, हे चार्ज व्हायला अख्खा दिवस लागेल आणि झालं तरी वेळ चुकीचीच दाखवणार. मी तिला घरी न्यायला पुढं झाले.

आणि खिडकीत आकडे उमटले.

मी डोळे चोळले. मग मोठा काटा सुटला. सरसर फिरायला लागला, त्याच्यामागून धाकटा. एक चक्कर, दुसरी चक्कर, थांबायचं नाव नाही. मी ओरडले, सगळे शेडमधून बाहेर धावले. आईचा हात जराही हलत नव्हता. काटे फिरत फिरत आले, हळू झाले आणि एका जागी येऊन थांबले. लगेच सेकंद काटा टुकटुक चालायला लागला. मी माझ्या हातातल्या घड्याळात बघितलं. तीच वेळ. मोबाईल काढला. तीच वेळ. मी साऱ्या गावासमोर शाळेतल्या पोरीसारख्या उड्या मारल्या. अंधारात ठेवलं की ते घड्याळ काटे थांबवून झोपी जातं, पण आतल्या आत मोजणं चालू ठेवतं, हे मला पुढं डब्यातला कागद वाचून कळलं. तेव्हा तो निव्वळ चमत्कार होता.

आजोबांनी शेडमध्ये जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघितलं. नव्या सेलासकट ते चांगलंच मागं होतं, कारण काकानं ते अंदाजानं लावलं होतं. तोवर मी ट्रंकेची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली होती. आजोबा बाहेर आले आणि आईच्या मनगटावर वाकून म्हणाले, "इतके दिस ट्रंकेत हुतं?"

"झोपलंतं," आई म्हणाली. "पर टाईम इसरलं न्हाय."

पाळी तिच्या घड्याळावर ठरली. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलं पाणी आमचंच. मला सुट्टी होती, मीही साडी खोचून उतरले. मिरचीचा एकेक वाफा भरत चाललो. पाणी बारीक होतं आणि ऊन चढत होतं. आई दर वाफ्याला मनगट बघायची. चिखलानं तबकडी माखली की पाटात हात बुडवायची, की पुन्हा स्वच्छ. शेवटचा एक वाफा राहिला असताना ती ताठ उभी राहिली.

"झाली आपली पाळी."

मी चिडले. गेल्या वर्षी ह्याच तुकड्यातली मिरची वाळली होती. आणि घड्याळ आपलं, बघणाऱ्या आपण, एका वाफ्यानं कुणाचं काय जाणार होतं? तोवर काका खांद्यावर कुदळ टाकून पाटाशी येऊन उभा राहिला होता, बहुधा भांडायच्याच तयारीनं. त्यानं कोरडा वाफा बघितला, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "वैनी, भरून घ्या की तेवढा."

आई म्हणाली, "घड्याळ सगळ्यांचं हाय आता." तिनं चिखलाचे दोन गोळे उचलून आमचं दार बुजवलं आणि काकानं हात लावायच्या आधी त्याचं दार स्वतःच्या हातानं फोडून दिलं. थोड्या वेळानं मी बघितलं, तर काका हंडा घेऊन आमच्या त्या राहिलेल्या वाफ्याला स्वतःच्या पाण्यातलं पाणी घालत होता. मी न बघितल्यासारखं केलं.

आता मी रविवारी गावी जाते, तेव्हा सकाळी अंगणात सुपातली डाळ आणि तिच्याशेजारी घड्याळ, दोघांनाही ऊन दाखवायला ठेवलेलं असतं. मग ते तिच्या हातावर चढतं, ते रात्रीच उतरतं. दिवसभर शेतांतून हाका येत राहतात, "वैनी, टाईम काय झाला?" काकाच्या सगळ्यांत जास्त. भिंतीवरचं घड्याळ त्यानं घरी नेऊन टांगलंय.

परवा मी तिथंच होते. आई भांडी घासत होती. आप्पा बाजेवर कुशीला वळले आणि म्हणाले, "अगं, किती वाजले?"

तिनं घाई केली नाही. राखेचे हात धुतले, पदराला पुसले, बांगड्या मागं सारल्या. मग ऐटीत मनगट वळवून तिनं त्यांना वेळ सांगितली.